वाचक विचारतात: बावीसशे शब्दांचे नऊशे

महिन्याभरापूर्वी एका वृत्तसाप्ताहिकाचं ‘अनुभव’ हे पान माझ्याकडे आलं. जागा ९०० शब्दांची, लेख येतात बावीसशेचे. कापायला कुठून लागावं?
— एक उपसंपादक, सुदामानगर, इंदूर

पहिलं वाचन पेन बाजूला ठेवून करा. मग मजकुराकडे न बघता एका ओळीत लिहा, कोणाचं काय बदललं? ओळ सुचली नाही तर लेख कापून सुधारणार नाही, तो परत पाठवा. सुचली, तर ती गोष्ट नेमकी कुठे सुरू होते तिथे खूण करा. बहुतेकदा ती तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात सापडते. त्याआधी असतं ‘मानवी जीवनात आठवणींचं स्थान’. ते जाऊ दे. शेवटी ‘या प्रसंगाने मला शिकवलं की’पासून पुढचंही जाऊ दे. चार-पाचशे शब्द इथेच सुटतात. नंतर एकच गोष्ट सांगणारे दोन प्रसंग शोधा आणि ज्यात डोळ्यांना दिसण्यासारखं काही आहे तो ठेवा.

काही ठिकाणी मजकूर कमीही पडतो. तो तुम्ही भरायचा नाही. ‘वडिलांच्या आठवणीने मन भरून आलं’ या ओळीशेजारी ‘अजून फुलवा’ असं लिहिलंत तर तीन विशेषणं वाढून येतील. त्याऐवजी विचारा, तेव्हा हातात काय होतं? उत्तर येतं, ‘त्यांचा मिलचा डबा, झाकणाला पोचा आलेला.’ हे सहा शब्द घ्या, भरून आलेलं मन काढा. असे प्रश्न आठ-दहाच, क्रमांक घालून पाठवा. पंचवीस पाठवलेत तर लेखक वैतागतो किंवा प्रत्येकाचं उत्तर म्हणून नवा निबंध लिहितो.

साल-तारखा स्वतः तपासा. ‘१९९४ मध्ये बाबा हुकुमचंद मिलची रात्रपाळी करून आले’ असं वाक्य दिसलं तर थांबा, इंदूरची ती कापड मिल डिसेंबर १९९१ मध्येच बंद पडली. चूक सालात आहे की मिलच्या नावात, हे लेखकालाच विचारा. परस्पर ‘१९९०’ करू नका. त्या सालाला त्याची इयत्ता, बहिणीचं लग्न, घराची डागडुजी असं बरंच काही टांगलेलं असतं.

पान लावल्यावर चार-पाच ओळी हमखास बाहेर पडतात. ऑपरेटर त्या शेवटातून उडवतो, नाहीतर अक्षरं आवळतो. ज्या परिच्छेदांची शेवटची ओळ एक-दोन शब्दांवरच संपते ते शोधा. त्यांत वर कुठेतरी दोन शब्द कमी केले की अख्खी ओळ वाचते.

आमचे लेखक इंदूरचेच, त्यामुळे मराठीत हिंदी येतेच. सगळं शुद्ध केलं की आजी पुण्याची वाटायला लागते.
— एक वाचक, रामबाग, इंदूर

मग आजीला हात लावू नका. ‘काय करून राहिलास?’ हे संवादात तसंच छापा. निवेदनात मात्र अर्थ फिरवणारे शब्द पकडा. ‘वडिलांनी मला उत्तम शिक्षा दिली’ लिहिताना लेखकाच्या मनात शाळा असते, वाचकाला छडी दिसते. ‘चेष्टा’ आणि ‘संसार’ यांचंही तेच. ‘त्याची आवाज’, ‘माझी पुस्तक’ ही हिंदीतून आलेली लिंगं निवेदनात दुरुस्त करा.

टंकलेखनाचा घोळ वेगळाच. हिंदीला सरावलेला हात ‘ळ’च्या जागी ‘ल’ मारतो. ‘तो काळ’चा ‘तो काल’ झाला तर शुद्धलेखन तपासणारं सॉफ्टवेअर गप्प बसतं, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत. कृतिदेव या जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुरात ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ झालंय का, तेही बघा. आणि एकाच लेखात ‘केले’ व ‘केलं’ अशी सरमिसळ नको. बाकी कोणतंही चालेल.

लेखिकेने सासरबद्दल लिहिलंय. नावं बदलली की झालं ना?
— एक सहायक संपादक, इंदूर

नाही. नाव बदललं, पण वाडा, दुकान आणि लग्नाचं साल तेच राहिलं, तर गल्ली पाच मिनिटांत ओळखते. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ बदनामीचं आहे, आणि नातेवाइकांना दुखावण्याच्या हेतूने मृत व्यक्तीवर केलेला आरोपही त्यात येतो. म्हणून आरोप आणि अनुभव वेगळे करा. ‘सासरे पैसे खायचे’ हा आरोप. ‘सासरे रोज रात्री भाजीचाही हिशेब माझ्याकडून लिहून घ्यायचे’ हे तिने पाहिलेलं, भोगलेलं. लेखही दुसऱ्याच वाक्याने उभा राहतो.

पान मथळ्यासकट लेखिकेला दाखवा. प्रताधिकार कायद्याच्या कलम ५७ नुसार, मजकुराच्या मोडतोडीने आपल्या प्रतिष्ठेला बाधा येत असेल तर लेखक दाद मागू शकतो. पण कायदा राहू दे, भांडणं बहुतेक मथळ्यावरूनच होतात, कारण तेवढाच संपादकाने स्वतः लिहिलेला असतो. होकार व्हॉट्सअ‍ॅपवर चालेल, पण लेखी घ्या, आणि अंक छापायला जायच्या आदल्या दिवशी.