फोम गुंडाळूनही सिंकखालचा पाइप का गोठला?

तुमचा प्रश्न असा: सिंकखालच्या पाइपला फोम गुंडाळला होता, तरी बाहेर उणे १५ अंश असताना तो रात्रीत गोठला. आता चार दिवस घर बंद राहणार आहे, तर काय करावं?

फोम ऊब देत नाही, असलेली ऊब निघून जायचा वेग फक्त कमी करतो. दिवसा नळ चालू-बंद होत राहतो, जमिनीखालचं त्यातल्या त्यात कोमट पाणी पाइपमध्ये येत राहतं, म्हणून पाइप तगतो. रात्री सात-आठ तास पाणी जागचं हललं नाही की फोमच्या आतही ते थंड होणारच. अर्धा इंची पाइपमध्ये मीटरभर लांबीला पाणी असतं जेमतेम १५० मिलिलिटर, चहाच्या कपाएवढं. तेवढ्याला गोठायला किती वेळ लागणार!

शिवाय सिंकखालचा पाइप बाहेरच्या भिंतीला लागून असेल तर चारही बाजूंनी फोम गुंडाळणं चुकीचंच. खोलीची ऊबही त्याच्यापर्यंत पोचत नाही. इन्सुलेशन पाइप आणि बाहेरची भिंत यांच्या मधे हवं. खोलीकडची बाजू मोकळी ठेवा आणि कडाक्याच्या रात्री कपाटाची दारं उघडी टाका. (घरात लहान मूल असेल तर आतली साफसफाईची रसायनं आधी उचलून ठेवा.)

पण त्याआधी फट शोधा. पाइप जिथे भिंतीतून आत येतो तिथे, वारा असलेल्या दिवशी, ओल्या हाताची मागची बाजू धरा. गार झुळूक लगेच कळते. बोटभर फटीतून येणारा वारा पाइपच्या एकाच जागी सतत लागत राहतो आणि बर्फ बहुतेक वेळा तिथेच धरतो. बारीक फटीला सीलंट, मोठीला फवारायचा फोम. हे काम तासाभराचं आहे आणि माझ्या मते बाकी सगळ्यापेक्षा जास्त उपयोगाचं.

नळ थोडा सोडून ठेवायचा तो का, हे नीट समजून घ्या. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. पाइप मात्र बऱ्याचदा बर्फाच्या जागी फुटतच नाही. बर्फाचं बूच वाढत जातं, ते आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्याला जायला वाट उरत नाही, दाब प्रचंड वाढतो आणि पाइप त्या पट्ट्यात, एखाद्या एल्बोला (वळणाच्या जोडाला) किंवा जॉइंटला फुटतो. नळ उघडा असला की दाब निघून जातो, मग पाइप गोठला तरी सहसा फुटत नाही. म्हणून बाहेरच्या भिंतीतून ज्याची लाइन येते तो नळ बारीक धारेने सोडा. गरम-गार पाण्याचा एकत्र मिक्सर नळ असेल तर दांडा मधोमध ठेवा. गरम पाण्याची लाइनही गोठते. रात्रीतून धार थांबली तर नळ बंद करू नका, उघडाच राहू द्या. सांडपाण्याचा पाइप उघड्यावरून जात असेल तर थेंब थेंब पाणी त्यातच थरावर थर गोठतं. तिथे सलग, थोडी जाड धार हवी.

घराखालच्या न तापणाऱ्या जागेतल्या पाइपला हीटिंग केबल (विजेवर तापणारी तार) लागेल. स्वयंनियंत्रित प्रकारची (थंडीनुसार उष्णता आपोआप कमी-जास्त करणारी) घ्या, प्लास्टिकच्या पाइपला चालते का ते लेबलवर बघा. पाइपच्या खालच्या बाजूने सरळ न्या, दर ३० सेंटिमीटरला कंपनीने सांगितलेल्या टेपने बांधा, वरून इन्सुलेशन. साधी केबल स्वतःवर कधीच ओलांडू देऊ नका, ओलांडल्या जागी ती जळते. जोडणी अर्थ लीकेज ब्रेकरवरच (वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचवर).

चार दिवसांसाठी हीटिंग १३ अंशांच्या खाली नेऊ नका, मेन व्हॉल्व्ह (घरात येणाऱ्या पाण्याची मुख्य चावी) बंद करा आणि नळ उघडून पाइपमधला दाब काढून टाका. वीज जायची भीती असेल तर पूर्ण रिकामं करा: आधी वॉटर हीटर बंद (रिकाम्या टाकीत एलिमेंट जळतो), मग मेन, मग सगळ्यात वरचा नळ आणि शेवटी सगळ्यात खालचा ड्रेन उघडा, हीटरच्या टाकीचाही. फ्लशची टाकी रिकामी करा. सिंकच्या ट्रॅपमधलं (खालच्या वाकवलेल्या पाइपमधलं) पाणी निथळत नाही, तिथे आणि कमोडमध्ये प्रोपिलीन ग्लायकॉलचं अँटीफ्रीझ (पाणी गोठू न देणारं द्रव) ओता. गाडीतलं बहुधा इथिलीन ग्लायकॉलचं असतं, ते विषारी आहे.

बाहेरच्या नळाची होज काढलीच पाहिजे, नळ न गोठणारा असला तरीही. त्याचा खरा व्हॉल्व्ह भिंतीच्या आत, उबेत असतो. होज तशीच राहिली की मधल्या नळीतलं पाणी निथळत नाही, नळी आतच फुटते. हे कळतं उन्हाळ्यात नळ उघडल्यावर, तेव्हा भिंतीत पाणी भरायला लागलेलं असतं.

गोठलाच, तर नळ उघडा ठेवून हेअर ड्रायरने नळाच्या बाजूकडून मागे मागे तापवत जा. ब्लोटॉर्च नको. आणि एक जण मेन व्हॉल्व्हपाशी उभा राहू द्या, कारण फुटलेला पाइप बर्फ वितळेपर्यंत बऱ्याचदा फारसा गळत नाही.