वाचकांचे प्रश्न: एकाच रस्त्याचे तीन तुकडे?

प्रश्न: आमच्या गावात एकच रस्ता तीन कामं दाखवून केला, तिन्ही एकाच ठेकेदाराला, टेंडर काही दिसलंच नाही. हे कायद्यात बसतं का?

उत्तर: तुमची शंका अगदी रास्त आहे. टेंडर टाळायला मागणीचे तुकडे पाडू नयेत असं केंद्राच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांतही खरेदीबाबत लिहिलंय, पण ते नियम आहेत, कायदा नाही. तमिळनाडूने 1998 ला, कर्नाटकाने 1999 ला टेंडर पारदर्शकतेचा कायदा केला, केंद्राचं 2012 चं विधेयक मात्र तसंच बारगळलं आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

तरी तुमच्या हातात माहिती अधिकार आहे ना, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि तिन्ही कामांचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश नि मोजमाप पुस्तिका (एमबी म्हणतात ती) मागा, 30 दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. एमबीत जाडी किती लिहिलीय ते आधी बघा. आणि हे फार कुणाला माहीत नसतं, कलम 2(जे) खाली कामाची पाहणी करता येते, मालाचे प्रमाणित नमुनेसुद्धा घेता येतात, म्हणजे डांबर-खडीचा तुकडाही मागता येतो.