दंडाला पट्टा आवळण्याआधी बीपी मोजलंत का?

दंडाला किंवा मांडीला पट्टा आवळून हलक्या वजनाचा व्यायाम करायचा, याबद्दल सातारा आणि आसपासहून सतत विचारणा होतेय. गोंधळ सगळ्यांचा एकच, म्हणून एकत्र उत्तरं देतो.

प्रश्न: पट्ट्याऐवजी सायकलची जुनी ट्यूब चालेल का? (गोडोली)

नाही. ट्यूबनं किती दाब पडतोय हे कळत नाही.

प्रश्न: आईच्या पायांच्या शिरा फुगल्या आहेत. गुडघ्यासाठी तिला हा व्यायाम सुचवलाय. (वाई)

तूर्त नको. आधी सर्जनना पाय दाखवा. पूर्वी पायात रक्ताची गुठळी झाली असेल तर तेही सांगा.

प्रश्न: वय ५१, बीपीची गोळी चालू. जिममधले सर म्हणतात, वजन पाचच किलो, त्यामुळे हृदयावर ताण नाही. खरं का? (शाहूपुरी)

अजिबात नाही. पट्ट्यामुळे स्नायूत रक्त कमी येतं, आलेलं शिरांतून नीट परत जात नाही. टाकाऊ द्रव्यं साठतात, तिथल्या नसा मेंदूला खबर देतात आणि बीपी चढतं. अलम आणि स्मर्क या संशोधकांनी १९३७ मध्येच दाखवलं, की व्यायाम थांबला तरी पट्टा आवळलेला असेपर्यंत बीपी चढलेलंच राहतं. म्हणजे दोन सेटच्या मधल्या वेळात पट्टा तसाच ठेवून बसलात, तर ती विश्रांती नव्हे. ज्यांचं बीपी मुळात जास्त, त्यांच्यात ही उसळी आणखी मोठी असू शकते.

जपानच्या योशियाकी सातो यांनी ही पद्धत रुजवली. ऑपरेशननंतर जड वजन न झेपणाऱ्यांना तिचा उपयोग होतो, हे मला मान्य आहे. पण जाणकार फिजिओथेरपिस्ट आधी त्या माणसाचा रक्तप्रवाह पूर्ण थांबायला किती दाब लागतो ते मोजतो आणि साधारण त्याच्या ४० ते ८० टक्केच देतो. तुमच्या जिममध्ये हे कोण मोजतं? ऑनलाइन मागवलेल्या साध्या पट्ट्यावर दाबाचा आकडाही नसतो. मागे एक गृहस्थ डोकं दुखतं म्हणून आले. सहा आठवडे पट्टा आवळत होते, बीपी एकदाही मोजलं नव्हतं. इतका उशीर करू नका. पट्टा काढून ठेवा, याच आठवड्यात तुमच्या डॉक्टरांना भेटा.

प्रश्न: व्यायामानंतर अर्ध्या तासानं बीपी ११८/७६ आलं. गोळी बंद करू? (कोरेगाव)

नाही. व्यायामानंतर काही तास बीपी उतरलेलं असू शकतं, साध्या चालण्यानंतरही. सात दिवस सकाळी, गोळी आणि व्यायाम दोन्हींच्या आधी, पाच मिनिटं शांत बसून मोजा. ते आकडे डॉक्टरांना दाखवा. गोळीचं काय करायचं ते तेच ठरवतील.