सही करण्याआधी गाडी उन्हात घ्या

पहिलीच गाडी, आणि सर्व्हिस सेंटरमधल्या डेंटिंग-पेंटिंगनंतर डाव्या दरवाजाचा रंग वेगळाच दिसतोय म्हटल्यावर जीव हळहळणारच. पण काउंटरवर भांडू नका. गाडी उन्हात उभी करा आणि तिरक्या नजरेने बघा. सिल्व्हरसारख्या मेटॅलिक रंगात नुसता कलर कोड जुळून भागत नाही. शेजारच्या पॅनलवर रंग विरवत न्यावा लागतो. ते कष्ट वाचवले की असा तुकडा वेगळा उठून दिसतो.

संत्र्याच्या सालीसारखा पोत किंवा अडकलेली धूळ बहुतेकदा घासून, पॉलिश करून जाते. शेडमधला फरक मात्र पॉलिशने जात नाही, म्हणून ‘बफिंग मारून देतो’ला हो म्हणू नका. काचेच्या रबरावरही नख फिरवा. माझ्या गाडीच्या रबरावर रंगाचे खरखरीत कण होते. मास्किंग, म्हणजे रंग मारताना आजूबाजूचा भाग झाकणं, नीट केलंच नव्हतं.

फोटो काढा, दोष जॉब कार्डवर (गाडीच्या कामाची नोंद असलेल्या कागदावर) लिहून घ्या, सर्व्हिस मॅनेजरला ईमेल टाका. इन्शुरन्स क्लेमचं काम असेल तर ‘काम पसंत आहे’ अशा समाधानपत्रावर सही अजिबात नको, नुकसान तपासणाऱ्या विम्याच्या सर्व्हेयरलाही कळवा. तरीही टोलवाटोलवी झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवा. ग्राहक आयोगात जायला २ वर्षांची मुदत असते.