पुण्यातल्या फ्लॅटवर तुमचं नाव आहे का?

तुम्ही लिहिलंय की स्किल्ड वर्कर व्हिसावर दोघं इंग्लंडमध्ये रेडिंगला येताय, मिळून पगार वर्षाला ६८ हजार पौंड, आणि भाड्यात पैसे घालवण्यापेक्षा शेअर्ड ओनरशिपनं, म्हणजे घराचा काही हिस्सा विकत घेऊन आणि बाकीच्याचं भाडं भरून, लगेच घर घ्यावं असं वाटतंय. आम्ही २०१७ मध्ये मिल्टन कीन्सला असंच ३५ टक्के घर घेतलं, म्हणून सविस्तर लिहिते.

उत्पन्नाच्या अटीत तुम्ही बसता. लंडनबाहेर घरातलं एकूण उत्पन्न ८० हजारांच्या आत लागतं, लंडनमध्ये ९० हजारांच्या. अडचण दुसरीकडे येऊ शकते. वडिलांनी हौसेनं पुण्यातल्या फ्लॅटवर तुमचं नाव घातलंय का? दुसरं घर नावावर असेल तर या योजनेसाठी ते विकावं लागतं, मग ते भारतात का असेना. पहिल्या घराची स्टॅम्प ड्यूटीतली सवलतही जाते, वारशानं आलेला हिस्सा असला तरी. आपल्याकडे जोडनाव किती सहज घालतात! निघण्याआधी इंडेक्स टू काढून बघाच.

आता पैशांचं. घर ३ लाखांचं धरा. ४० टक्के म्हणजे १ लाख २० हजार. त्यातले १२ हजार तुम्ही भरायचे, १ लाख ८ हजारांचं कर्ज. ५ टक्के व्याजानं २५ वर्षांसाठी हप्ता साधारण ६३० पौंड. बाकीचा ६० टक्के हिस्सा हाउसिंग असोसिएशनचा, म्हणजे ही घरं देणाऱ्या संस्थेचा, त्याचं भाडं सुरुवातीला बहुधा वर्षाला २.७५ टक्के, म्हणजे महिना ४१२ पौंड, आणि ते दरवर्षी महागाईबरोबर वाढतं. इथवर सगळे हिशेब करतात. सर्व्हिस चार्ज, म्हणजे इमारतीच्या देखभालीचा खर्च, मात्र विसरतात, आणि हिस्सा ४० टक्के असला तरी तो पूर्ण शंभर टक्के तुमच्याच माथी.

आमचा तो महिना ११० पौंडांवरून २१४ वर गेला. दर मार्चमध्ये पाकीट येतं. एका वर्षी लिफ्टच्या दुरुस्तीची रक्कम बघून नवरा स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच ते पत्र दोनदा वाचत होता, आणि आम्ही राहतो तळमजल्यावर. म्हणून मागच्या तीन वर्षांचे सर्व्हिस चार्जचे हिशेब मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर ते घर सोडून द्या.

जमलं तर नव्या पद्धतीच्या कराराचंच घर बघा. त्यात १० टक्क्यांपासून हिस्सा घेता येतो, लीज ९९० वर्षांची असते, आणि नव्या घरात पहिली १० वर्षं इमारतीच्या बाहेरच्या व मुख्य बांधकामाच्या दुरुस्त्या असोसिएशन करते. आमच्या जुन्या करारात यातलं काहीच नाही. पुढे हिस्सा वाढवताना, म्हणजे स्टेअरकेसिंग करताना, त्या दिवसाच्या बाजारभावानं पैसे मोजावे लागतात. मूल्यांकनाचा आणि वकिलाचा खर्च सहसा वेगळा. घर भाड्यानं देऊन दोन वर्षं भारतात जाऊ, असा बेत असेल तर सहसा परवानगी मिळत नाही.

तरी आम्ही घेतलं ते बरंच झालं असं मी मनापासून म्हणेन. त्याआधी तीन वर्षांत दोन घरमालकांनी घर रिकामं करायला लावलं होतं, आणि मुलीची शाळा मध्येच बदलावी लागली होती. आता ती एकाच शाळेत सलग शिकतेय.

पण पहिलं वर्ष भाड्यानंच राहा. व्हिसावर नव्यानं आलेल्यांकडे बऱ्याच बँका जास्त डिपॉझिट मागतात, काही तर कायम वास्तव्याचा परवाना मिळाल्याशिवाय कर्जच देत नाहीत. शिवाय आधीच्या वर्षात १८३ दिवस इथे राहिलेले नसाल तर स्टॅम्प ड्यूटी २ टक्के जादा पडते. वय चाळिशीच्या आत असेल आणि कुठेच घर नावावर नसेल, तर आल्याबरोबर लाइफटाइम आयसा हे बचत खातं उघडा. वर्षाला ४ हजार टाकले की सरकार १ हजार घालतं, पण घरासाठी वापरायला खातं १२ महिने जुनं लागतं. फ्लॅटच्या कागदावर काय निघालं ते कळवा, मग पुढचं बोलू.