पुनर्विवाहामुळे थांबलेला शौर्यचक्राचा भत्ता

ताई, पतीला मरणोत्तर शौर्यचक्र मिळालं, २०१२ मध्ये तुम्ही दुसरं लग्न केलं, ते दिराशी नव्हतं म्हणून पदकाचा मासिक भत्ता बंद झाला. आता तेव्हापासूनची सगळी थकबाकी मिळेल का, असं तुम्ही विचारता. इतर वीरपत्नीही मला हेच विचारतात.

सगळं एका अटीवर अडलेलं आहे. जुना नियम असा होता: विधवेला भत्ता हयातभर किंवा पुनर्विवाहापर्यंत, दिराशी लग्न करून त्याच कुटुंबात राहिली तर मात्र पुढेही चालू. भत्ता जवानाच्या पराक्रमाचा आणि अट त्याच्या बायकोनं कोणाशी संसार करावा याची! ही अट इतकी वर्षं टिकली, याची मला आजही चीड येते. संरक्षण मंत्रालयानं १६ नोव्हेंबर २०१७ च्या पत्रानं ती काढून टाकली.

त्यामुळे २०१२ ते नोव्हेंबर २०१७ या काळातल्या रकमेची आशा धरू नका. त्यानंतरच्या भत्त्यावर मात्र तुमचा हक्क आहे, असं माझं मत आहे. ‘तुमचं लग्न आदेशाच्या आधीचं’ असा आक्षेप कार्यालय घेऊ शकतं. भत्ता दर महिन्याला देय होतो आणि आता ती अटच उरलेली नाही, हे त्यावरचं आपलं उत्तर. सशस्त्र सेना न्यायाधिकरण (सैनिकी सेवेचे दावे ऐकणारं) ते मान्य करेलच, अशी हमी मी देत नाही.

खरं नुकसान उशिरानं केलंय. सुप्रीम कोर्टानं २००८ मध्ये तरसेम सिंग प्रकरणात सांगितलं की दरमहा देय रकमेचा हक्क उशिरानं मागितला तरी बुडत नाही, पण थकबाकी साधारणपणे कोर्टात दावा दाखल करण्याआधीच्या तीन वर्षांचीच मिळते. शौर्यचक्राला १ ऑगस्ट २०१७ पासून दरमहा ६,००० रुपये ठरले. त्या दरानं तीन वर्षांचे २,१६,००० होतात, आणि तुम्ही थांबाल तेवढे मागचे महिने एकेक करून गळत जातील. बँकेच्या खिडकीवर तीनदा विचारून आलात, पण एकदाही लेखी अर्ज दिला नाहीत! तोंडी चौकशीला कायद्यात काडीची किंमत नाही.

या आठवड्यात पतीच्या रेकॉर्ड ऑफिसला (त्यांच्या सेवेच्या नोंदी ठेवणारं सैन्याचं कार्यालय) स्पीड पोस्टानं अर्ज पाठवा, प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला द्या. सोबत पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), मृत्यूचा दाखला आणि दोन्ही विवाहांचे दाखले जोडा. पोच जपा, कारण मुदत तिच्यावरून मोजली जाईल. सहा महिन्यांत अंतिम उत्तर आलं नाही, तर त्यापुढच्या सहा महिन्यांत सशस्त्र सेना न्यायाधिकरणात जायचं. नकार आला, तर नकारापासून सहा महिन्यांत. उशीर माफ होऊ शकतो, पण त्याला सबळ कारण लागतं. तिथेही तारखांवर तारखा पडतील, हे आधीच सांगते.

कुटुंब निवृत्तिवेतनाचा प्रश्न वेगळा आहे. पीपीओ पाहिल्याशिवाय त्यावर बोलणार नाही.

राहता राहिलं पदक. हिरव्या फितीवर तीन केशरी रेघांचं ते चक्र सासूबाईंनी देव्हाऱ्याशेजारी ठेवलंय, असं तुम्ही लिहिता. तो वाद आत्ता उकरू नका. त्यांचाही मुलगा गेलाय. पदकाच्या घोषणेचं राजपत्र त्याच पेटीत असेल, त्याची तेवढी झेरॉक्स त्यांच्याकडे मागा. अर्जाला ती जोडायची आहे.