यादीत नाव आलं म्हणजे लायकी गेली का?

प्रश्न : वकीलताई, नमस्कार. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. मुलगा पुण्याला हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत सहा वर्षं होता. मागच्या महिन्यात एका सोमवारी सकाळी कंपनीनं शंभरेक जणांना एकदम व्हिडिओ कॉलवर बोलावलं. चार मिनिटांत सगळं आटोपलं. म्हणे, 'जगात पहिल्या नंबरवर जायचं तर कामगिरीत खालचे १० टक्के लोक आम्हाला ठेवता येणार नाहीत.' लॅपटॉप तिथल्या तिथं बंद पडला. पोरगा आता घरी आहे. परवा कुरिअरवाला लॅपटॉप न्यायला आला. पोरानं लॅपटॉप मऊ फडक्यानं पुसला, चार्जरची वायर नीट गुंडाळली, खोक्याला चिकटपट्टी लावली आणि सही करून देऊन टाकला. त्या दिवशी जेवला नाही. नातेवाईक म्हणतात, काम येत नसेल म्हणून काढलं. आमचे मिस्टर यंत्रमागावर कामाला आहेत. ते म्हणतात, एवढा पगार घेतला, आता रडायचं कशाला? कंपनी मालकाची, ठेवेल नाहीतर काढेल. गेल्याच वर्षी ह्याच कंपनीनं त्याला चांगल्या कामाचं प्रशस्तिपत्र दिलं होतं. हे न्यायाचं आहे का?
— एक आई, सोलापूर

उत्तर : नाही ताई, हे न्यायाचं नाही. पण अन्याय नेमका कुठं झाला ते वेगळं काढून सांगते, कारण तुमच्या मिस्टरांचं म्हणणंही सगळंच चूक नाही.

माणसं कमी करायची वेळ कुठल्याही धंद्यावर येते. १८७७ साली आपल्या गावात पहिली कापड गिरणी सुरू झाली, आणि पुढं एकेक करून गिरण्या बंद पडलेल्याही याच गावानं पाहिल्या. माझे अण्णा त्यातल्याच एका गिरणीत साचा खात्यात, म्हणजे मागांवर होते. त्यांची गिरणी एका दिवसात बंद पडली नाही. आधी पगार थकला, मग पाळ्या कमी झाल्या, मग गेटला कुलूप लागलं. तरी अण्णा कितीतरी महिने सकाळी डबा घेऊन गेटवर जाऊन बसायचे, आज ना उद्या भोंगा वाजेल म्हणून. हिशेबाचे पैसे हातात पडेपर्यंत माझं लग्न होऊन गेलं होतं. तेव्हा कुणालाच कधी काढू नये असं मी म्हणणार नाही. माणसाला असं लोंबकळत ठेवण्यापेक्षा स्पष्ट सांगून, देणं चुकतं करून मोकळं करणं कितीतरी बरं.

पण अण्णांना कुणी म्हणालं नाही की तुम्ही वाईट कामगार होतात. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, गिरणी बुडाली. त्यांचा नंबर कोरलेला पितळी बिल्ला आईनं देव्हाऱ्याच्या कोनाड्यात ठेवला होता आणि दसऱ्याला ती तो चिंचेनं घासायची. तुमच्या मुलाची नोकरी गेलीच, वर त्याचं नावही खराब केलं. खरा अन्याय मला तिथं दिसतो.

खालच्या दहा टक्क्यांचा हिशेब मिस्टरांना मागाच्या भाषेत सांगून बघा. एका शेडमध्ये दहा जण चादर विणतात. दहाही जणांचा माल एक नंबरचा, एकही ठाण परत आलेलं नाही. तरी दहात कुणीतरी दहावा असतोच. त्याला काढलं की उद्या नववा दहावा होतो. या मोजणीतून विणकर वाईट ठरत नाही, फक्त रांग लागते. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी ही रांग वर्षानुवर्षं लावली. मायक्रोसॉफ्टनं २०१३ मध्ये ती पद्धत बंद केली, तरी कल्पना काही गेली नाही. २०२५ च्या सुरुवातीला मेटानं, म्हणजे फेसबुकच्या कंपनीनं, कमी कामगिरीचे म्हणून सुमारे ५ टक्के लोक काढले. आमचे शेरे तर चांगले होते, असं त्यातल्या काहींनी उघडपणे सांगितलं. तुमच्या मुलाच्या प्रशस्तिपत्राची गोष्ट तीच आहे.

याच मेटानं नोव्हेंबर २०२२ मध्ये ११ हजार लोक काढले, तेव्हा मालक मार्क झुकरबर्ग यांनी पत्रात कबूल केलं होतं की कोरोनाच्या काळातली वाढ टिकेल असा माझा अंदाज होता आणि तो चुकला. दोन महिन्यांनी गूगलनं १२ हजार लोकांना काढलं. सुंदर पिचाई यांनीही जबाबदारी माझी असं लिहिलं. गूगलच्या मूळ कंपनीचा २०२२ चा नफा जवळपास ६० अब्ज डॉलर होता. ही गिरणी बुडालेली नव्हती. मोठी झेप घ्यायची म्हणून भरमसाट भरती वरच्यांनी केली, अंदाज वरच्यांचा चुकला आणि घरी गेले ते ज्यांना त्या बैठकीत खुर्चीसुद्धा नव्हती. महत्त्वाकांक्षा असावी. पण डाव ज्यानं लावला, त्याच्या ताटातूनही काही कमी झालेलं दिसलं पाहिजे. मला राग याचाच येतो.

नेटफ्लिक्सनं २००९ मध्येच जाहीर लिहिलं होतं की आम्ही कुटुंब नाही, खेळाडूंचा संघ आहोत. जेमतेम काम करणाऱ्याला भरघोस पैसे देऊन निरोप देऊ. हे कठोर आहे, पण आधी सांगितलेलं आहे. पटेल त्यानं जावं. तुमच्या मुलाला भरतीच्या दिवशी काय सांगितलं होतं, ते त्याला विचारा. 'आपण एक फॅमिली' हे शब्द होते की नाही?

आणि पगाराचं. तो त्यानं रात्री जागून केलेल्या कामाचा होता. त्या पैशात वाटेल तसं वागवून घ्यायचं कबूल केलेलं नव्हतं.

आता कामाचं बोलते. राजीनाम्यावर सही केली का, हे आजच विचारा. पुष्कळ कंपन्या 'स्वेच्छेनं सोडतो' असं लिहून घेतात. ते एकदा दिलं की ती नोकरकपात राहत नाही आणि कपातीची भरपाई मागणं अवघड होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. तिच्यात कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय नोकरीच्या दर पूर्ण वर्षामागं १५ दिवसांचा सरासरी पगार ठेवलेला आहे. कंपनी म्हणेल, हा कामगार नाही, 'लीड' म्हणजे गटाचा प्रमुख आहे. हुद्द्यावर जाऊ नका. प्रत्यक्षात तो स्वतः कोड लिहीत होता की माणसं सांभाळत होता, हे कोर्ट बघतं. सरकारची आधी परवानगी घ्यायची अट मात्र कारखाना, खाण आणि मळ्यांनाच आहे. सॉफ्टवेअर कंपनीला ती लागत नाही, तेव्हा त्या आशेवर राहू नका.

सहा वर्षं झाली म्हणजे ग्रॅच्युइटी आहेच. मूळ पगार ४० हजार धरला तर साधारण १ लाख ३८ हजार होतात आणि ते ३० दिवसांत द्यायचे असतात. प्रशस्तिपत्र आणि वर्षावर्षाचे शेरे लॅपटॉपबरोबर गेले असतील तर त्यांच्या प्रती ईमेलनं लेखी मागायला सांगा. नातेवाइकांना ते प्रशस्तिपत्र दाखवायला मात्र जाऊ नका. मुलाला ते आवडणार नाही.

प्रश्न : माझी सोलापुरात छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे, १४ माणसं. परदेशी ग्राहक गेला. तिघांना कमी करावं लागणार. कसं निवडू?
— एक वाचक, होटगी रोड

उत्तर : आधी स्वतःचा पगार कापा आणि चौदाही जणांसमोर हिशेबाची वही उघडा. सगळ्यांनी थोडंथोडं सोसून तिघं वाचतात का, हे त्यांनाच विचारा, कधीकधी वाचतात. नाहीच जमलं, तर कायद्यातला जुना नियम आहे : त्या प्रकारच्या कामात जो शेवटी आला, तो आधी जातो. तरुण पोरांवर तो जड पडतो, हे मला माहीत आहे. पण त्यात कुणाच्या कपाळावर 'नालायक' असा शिक्का बसत नाही. वेगळं निवडायचं असेल तर कारण कागदावर लिहून ठेवा. वर्षभरात पुन्हा भरती निघाली तर आधी या तिघांना विचारायचं, हेही कायद्यातच आहे.

अनुभवाच्या दाखल्यात 'ग्राहक गेल्यामुळे पद कमी केले' असं स्पष्ट लिहा. आणि तिघांना एकेकटं समोर बसवून तुम्ही स्वतः सांगा, दुसऱ्या कुणाला पुढं करू नका. सकाळीच सांगा, म्हणजे दुपारी परत येऊन चार गोष्टी विचारायच्या असतील तर तुम्ही जागेवर असाल.